आमच्याकडं कादंबऱ्या दाखवतात

पुस्तक वाच म्हटलं की माणूस पळतो, हे मला माझ्या नवऱ्यानं शिकवलं. स्थळ बघायला चल म्हटलं की तोच माणूस इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. म्हणून चिकलठाण्याच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही पाच वाचणाऱ्यांनी रविवारच्या बैठकीचा नियमच करून टाकला: पुस्तक सुचवायचं ते स्थळासारखं.

पुस्तक आतल्या खोलीत, उशीच्या अभ्र्यात. नाव सांगायचं नाही. आधी बाहेर बसून गुण सांगायचे, स्वभाव सांगायचा आणि एक तरी खोड कबूल करायचीच, कारण फसवून दिलेलं स्थळ टिकत नाही. हे सगळं पोहे खाता खाता, मग दर्शन. आवडलं तर घरी न्यायचं, नाही तर "कळवतो" म्हणायचं. आता "कळवतो" म्हणजे काय, हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगायची गरज आहे का? कादंबरी असली की मुलगी, कथासंग्रह असला की मुलगा. आत्मचरित्र आलं की पंचाईत व्हायची. त्याला आम्ही व्याह्याचा मान देऊन मोकळे व्हायचो.

शेजारच्या आपा उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या. उर्दूतून मराठीत आलेल्या, शेवटी धाय मोकलून रडवणाऱ्या गोष्टी ही त्यांची खासियत. "रुलाई नहीं तो किताब कायकू?" वरच्या मजल्यावरचे काका कारखान्यात फोरमन होते. त्यांची स्थळं म्हणजे पक्षी, पूल, मधमाश्या. एकदा तर कुलपांवरचं जाडजूड पुस्तक आणलं आणि वर गंभीरपणे म्हणाले, "मुलगा निर्व्यसनी आहे." मला एवढं हसू आलं की पोह्यातला शेंगदाणा नाकात गेला. बँकेतल्या दोघी बहिणींना खुनाशिवाय पुस्तक चालत नाही. आणि मी? मी कादंबरीवाली. मला आवडलेलं दुसऱ्यानं वाचलं नाही तर मी भांडते. खरोखर भांडते.

त्या रविवारी मी रंगात आले होते आणि तेवढ्यात बेल वाजली. खालच्या वहिनींची थोरली जाऊ देवगाव रंगारीहून आली होती, ती आमच्यासाठी डबाभर हुरडा घेऊन वर आली. जिन्यात एकदोनदा भेट झालेली, तेवढीच ओळख. "बसा मावशी, बसा," म्हणून मी डबा घेतला आणि पुन्हा सुरू झाले. काय चाललंय ते सांगायला हवं होतं, पण तोंडात आलेलं वाक्य सोडायला मी तयार नव्हते.

"तर मुलगी गावाकडची," मी म्हणाले. "सडपातळ. सुरुवातीला जरा अबोल वाटते, पण दोन बैठकांत खुलते. शेतातलं सगळं कळतं तिला. खोड एकच, माहेरचा विषय निघाला की लांबण लावते. दोन घरी जाऊन परत आली, पण दोष तिचा नाही. त्या लोकांनी तिला समजूनच घेतलं नाही. अपेक्षा म्हणाल तर काही नाही. रोज अर्धा तास शांत बसून ऐकणारा पाहिजे."

"शेतकरी चालंल का तिला?" मावशींनी विचारलं.

आम्ही उसळलोच! पहिल्याच दिवशी खेळ कळला या बाईला! काकांनी टाळी दिली. मी आणखी चढले. "अहो चालंल काय? शेतकरीच पाहिजे तिला! शहरात जीव रमत नाही तिचा."

मावशी उठल्या. माझ्याजवळ येऊन त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"ताई, माझा पोरगा पस्तिशीचा हाय. चार एकर बागायत, हिरीला पाणी, सुपारीचं बी व्यसन नाय. पोरी म्हणत्यात, शेतकरी नको. मागल्या साली ठरलेलं मोडलं, तवापासून पोरगं घरात तोंड उघडत नाय. हूं अन् नाय, बस. ह्या पोरीची एकदा गाठ घालून द्या. दोनदा परत आली तर आली. आमाला चालंल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोघी बहिणी पंख्याकडं बघू लागल्या. काकांनी बशी खाली ठेवली. आपांनी मला कोपरानं ढोसलं, म्हणजे जा, आता तूच निस्तर. मी आत गेले आणि अभ्र्यातून मुलगी बाहेर काढली.

"मावशी, ही ती. कादंबरी आहे. आम्ही पुस्तकांची स्थळं दाखवतो. चुकलं आमचं."

त्यांनी पुस्तक उलटंपालटं केलं. मग आमच्याकडं पाहिलं. पाच पिकली डोकी, हातात पोहे. आणि त्या अशा हसल्या म्हणून सांगू! "अगं माय! मी म्हणलं, समदे पोहे खाऊ राहिले, अन् पोरगी कशी बाहेर येईना!" पदर तोंडात कोंबून हसल्या आणि हसता हसता रडल्या. आपा रडल्या, मग मीही रडले.

डोळे पुसून त्यांनी विचारलं, "ह्याच्यात खरंच पोरगी शेतकऱ्याला व्हय म्हणती?"

"म्हणते. स्वतःहून."

"मग द्या मला. पोराला वाचू द्या. लोकांचं ऐकून ऐकून त्याला वाटाया लागलंय, त्याच्यातच खोट हाय."

झालं, सगळ्यांच्या अंगात आलं. असंच कसं पाठवायचं? आपांनी पुस्तकाला स्वतःची जरीची ओढणी गुंडाळली. काकांनी मुलीचा बाप व्हायचं कबूल केलं आणि जिन्यापर्यंत सोडायला गेले. मी मावशींच्या हातावर साखर ठेवली.

तीनेक आठवड्यांनी, बैठक भरात असताना, खालच्या वहिनी मोबाईल घेऊन धावत वर आल्या. स्पीकर लावला.

"पोरगी पसंत हाय!" मावशी ओरडल्या. "आता दुसरी दावा!"

आमच्याकडं नुसता गोंधळ. बहिणी म्हणाल्या, खुनाचं द्या, एका दमात संपेल. आपा म्हणाल्या, माझीवाली द्या. मी म्हणाले, अहो, आधीच मोडलेलं लग्न, त्याला आणखी रडवता कशाला? काका कुलपांवर अडून बसले. एवढ्या मोठ्यानं भांडलो की समोरच्यांनी दार उघडून पाहिलं.

"अवो, भांडू नगा!" फोनमधून आवाज आला. "कोणती बी द्या. पण लई जाडजूड द्या. मला वाचाया येत नाय, तर जेवणं झाली की तोच वाचून दावतो. पुस्तकातलंच बोलतो, पण बोलतो तर माझा पोरगा ना."