फुलपाखराची दक्षिण

१५ सप्टेंबर २०१९, रविवार. बेसमेंटमध्ये ड्रायरमधून कपडे काढत होते, तेवढ्यात वरून सासूबाईंची हाक आली, "अगं, लवकर ये! फुटलं!" माझ्या बाळंतपणातही त्यांचा आवाज एवढा चढला नव्हता. चादरींचा ढीग तसाच टाकून वर गेले.

फुटला होता तो कोष. ओट्यावरच्या बरणीत नारिंगी-काळं फुलपाखरू ओले पंख लोंबवत बसलं होतं.

हा पाहुणा आमच्याकडे आला मारुतीमुळे. त्याच उन्हाळ्यात आम्ही एटोबिकोहून अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या विंडसरला राहायला आलो होतो. मागच्या कुंपणाशी मिल्कवीड माजलं होतं. पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी एक पान खुडलं, चीक आला आणि त्यांनी निकाल दिला, "ही रुईच. अंगाने जरा बारीक आहे, पण रुईच." ऑगस्टमधल्या एका शनिवारी मारुतीच्या तसबिरीला त्या पानांची माळ चढली. दुसऱ्या दिवशी बघतो तर दोन पानं कुरतडलेली आणि तिसऱ्यावर पट्ट्यापट्ट्यांची अळी. मी पेपर नॅपकिन घेऊन पुढे झाले.

"हात लावून तर बघ! देवाच्या माळेतून आलीय ती."

मग बरणी आली, तोंडाला मलमलीचा तुकडा, रोज ताजी पानं. "खा गं, खा," असं त्या अळीला म्हणायच्या. मला कधी म्हणाल्या नाहीत, पण मला सांगावं लागत नाही.

घोर एकच होता. हे फुलपाखरू मोनार्क जातीचं, थंडी पडायच्या आत त्याला मेक्सिको गाठायचं असतं. घरात वाढवलेल्यांना कधी कधी दिशाच सापडत नाही, असं नवऱ्याने कुठेतरी वाचलं आणि नेमकं जेवताना आईला सांगितलं. तेव्हापासून त्यांचं जेवणातलं लक्ष गेलं. "मी ते उचलून घरात आणलं," म्हणायच्या. "वाट चुकून मेलं तर माझ्यामुळे."

पंख वाळल्यावर दुपारी आम्ही बरणी घेऊन नदीकाठी गेलो. एटोबिकोत तळं गावाच्या दक्षिणेला, त्यामुळे पाणी दिसलं की ती दक्षिण, एवढा साधा हिशेब आम्हाला वर्षानुवर्षं पुरला होता. इथेही पाणी होतं आणि पाण्यापलीकडे डेट्रॉइटच्या इमारती.

"आई, ती बघ अमेरिका," नवरा म्हणाला. "ती ओलांडली की मेक्सिको."

सासूबाईंनी बरणी नदीकडे धरून मलमल काढली. "सरळ जा हो. मध्ये कुठे रेंगाळू नकोस."

फुलपाखरू काठावर चढलं, उडालं, पाण्यावर एक फेरी मारून वळलं आणि आमच्या डोक्यांवरून गावाच्या दिशेने निघून गेलं.

"चुकलं," सासूबाई म्हणाल्या.

"वळेल गं परत."

"तू गप्प बस. तुला गाडीतली बाई रस्ता सांगते तरी तू चुकतोस."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांच्या हातातली रिकामी बरणी घेतली आणि गाडीकडे चालू लागले. ऊन डोळ्यांवर आलं तसा हात आडवा धरला आणि थांबले. दुपारचं ऊन समोरून, म्हणजे मी दक्षिणेकडे चालले होते, आणि पाठीमागची अमेरिका उत्तरेला! फोनवर नकाशा काढला. खरंच, इथे डेट्रॉइट आमच्या वर आहे.

"आई, ते बरोबर गेलं. आपणच उलटीकडे तोंड करून उभे होतो."

त्यांनी नकाशा स्वतः पाहिला, फोन फिरवून पुन्हा पाहिला. "मग त्याला कोणी सांगितलं? ते तर कालपर्यंत कोषात होतं."

मी तिथेच शोधून वाचून दाखवलं. ते सूर्य बघतं. वेळ कळायला त्याच्या मिशांत घड्याळ असतं, त्यामुळे सूर्य सरकला तरी दक्षिण सुटत नाही. ढग असले तर पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही मदत होत असावी. आधी कधी गेलेलं नसतं, तिकडून आलेली असते ती त्याची पणजी, नाहीतर खापरपणजी.

"मिशांत घड्याळ," सासूबाई मुलाकडे बघत म्हणाल्या. "आणि ह्याच्या मनगटावर आहे."

रात्री त्या पोटभर जेवल्या. मी भांडी आवरत असताना मात्र त्यांनी विचारलं, "दक्षिणेला पुढे काय लागतं गं?"

"लेक ईरी. मोठं तळं."

"पलीकडचा काठ दिसतो?"

"नाही दिसत."

त्या पुसलेलंच ताट पुन्हा पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर उशिरा येते असं कळवलं आणि त्यांना गाडीत घालून त्या तळ्याच्या काठी नेलं. झाडांवर रात्र काढलेली मोनार्क अंगावर ऊन आल्यावर सुटत होती, एकेक करून पाण्यावर जात होती. कोणी मागे वळत नव्हतं.

"ह्यात आपलं असेल?"

"ते पुढे गेलं असेल. काल दुपारीच निघालंय."

त्यांना ते पटलं. वारा बोचत होता. माझं जॅकेट त्यांच्या अंगावर चढवलं, आणि त्या "चल" म्हणेपर्यंत तिथेच उभी राहिले.