पॉलसाहेबांचा ‘या’

वटारची ओवी राऊत तोंडानं फटकळ, पण मनानं अगदी साधी. बापाची केळीची वाडी. ऑफिसात नोकरी धरलेली घरातली ही पहिलीच. परदेशी माणसांशी कसं वागावं याचा कॉलेजात चांगला दोन महिन्यांचा कोर्स केलेला. कार्ड कसं घ्यावं, किती वाकावं, सगळं पाठ! पण निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, हे आईनं शिकवलेलं त्याहून जुनं. चुकून कुणी ‘जाते’ म्हटलं की आई, जयवंतीबाई, खवळायच्या, “जाते काय? येते म्हण!”

ओवीचं प्रोबेशन संपायला चार दिवस होते. तिला कायम करायचं की नाही, हे कंपनीच्या हॅम्बुर्ग ऑफिसातल्या पॉलसाहेबांच्या मतावर ठरणार होतं. त्यांच्याशी तिचा पहिलाच व्हिडिओ कॉल घरूनच झाला. काम मस्त समजावलं पोरीनं. तासाभरानं शेवटी हसून म्हणाली, “ओके सर, आय विल कम.”

म्हणजे आपलं, येते हं मी!

साहेब म्हणाले, “या.”

अगं बाई! एवढा मोठा माणूस आपल्याला ‘या’ म्हणतो! ओवी हरखली, कॉलमधून बाहेर पडली आणि आईला सांगायला थेट वाडीत धावली.

आता जर्मन भाषेत ‘या’ म्हणजे ‘हो’, हे तिला कोण सांगणार? ही परत येईल म्हणून साहेब बिचारे पंचवीस मिनिटं स्क्रीनसमोर बसून राहिले.

मग टीमच्या प्रमुख नताशा मॅडमचा फोन आला. “कुठे गेलीस तू? ते चिडलेत. सांग, नेटवर्क गेलं होतं.”

ओवीनं साहेबांना पुन्हा कॉल लावला. नेटवर्क गेलं म्हटलं तर कुणाला खोटं वाटलं नसतं. पण साहेबांचा चेहरा समोर दिसला आणि तिच्यानं खोटं बोलवेना.

“सर, चूक माझी. आमच्याकडे निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. गेलेलं माणूस परत येत नाही, अशी आईला भीती वाटते. म्हणून ‘येते’ म्हणतात. आणि समोरचा म्हणतो, ‘या’. तुम्हीही म्हणालात!”

ओवीला वाटलं, संपलं सगळं. पण एकदम साहेबांना असं हसू फुटलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी तो मराठी ‘या’ दोनदा म्हणून घेतला, कागदावर लिहिला.

शुक्रवारी नताशा मॅडमनी एक ईमेल पुढे पाठवला. त्यात मॅडमनी साहेबांना विचारलं होतं, ओवीला कायम करायचं का? खाली साहेबांचं उत्तर एका शब्दाचं. ओवीनं ते मोठ्यानं वाचलं, “या.”

जयवंतीबाई केळीची पानं कापत होत्या. “काय गं, बोलावतायत का तुला?”

ओवीनं आईच्या गळ्यात हात टाकले. डोळे भरून आले होते तिचे.

“हो गं आई. बोलावतायत.”