अपोल्सचा चौथा दगड

आमच्या रेडिओ दुर्बिणीच्या फाटकावर एक लांबलचक पाटी आहे. मोबाइल इथं ठेवा, घड्याळ इथं ठेवा, पेट्रोलची गाडी इथंच उभी करा. पेट्रोलच्या गाडीत स्पार्क प्लग असतो आणि त्याची ठिणगी आत आभाळाकडे कान लावलेल्या तबकड्यांना ऐकू जाते म्हणे. डिझेलवाल्यांना आत सोडतात, पण झडती घेऊन. मागच्या वर्षी एक मंत्री आले, त्यांच्याही मनगटावरचं घड्याळ काढून डबीत ठेवलं. बिनझडतीचं आत जाणारं वाहन करू नावाच्या या सगळ्या कोरड्या माळावर एकच, आणि ते माझ्या मेव्हण्याचं आहे. दोन गाढवं, रबरी टायरची लाकडी गाडी, आणि वर तो, टोपी डोळ्यांवर ओढून, जणू ही अख्खी दुर्बीण त्याच्या सासऱ्यानं आंदण दिलीय. मी त्याच सासऱ्याची धाकटी मुलगी. लग्नात त्याला एक किटली मिळाली होती, तीही गळकी.

त्याचं नाव अपोल्स व्हेरोय. आम्ही गाडीवाले लोक, म्हणजे मेंढ्यांची लोकर कातरत शेतावरून शेतावर फिरणारे. अपोल्स दोन शेतांच्या मधे, चालत्या गाडीत जन्मला. माझी आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. नातेवाईक एकमेकांकडे बघत बसले, तेव्हा हाच म्हणाला की जिथं नऊ झोपतात तिथं दहावी झोपेल, आणि मला उचलून गाडीत ठेवलं. या माणसानं मला वाढवलंय. म्हणून त्याला नावं ठेवायचा हक्क माझा आहे, दुसऱ्यानं ठेवली तर मी खपवून घेत नाही.

पुढं दुर्बिणीसाठी ही शेतं विकत घेतली गेली, मेंढ्या गेल्या आणि माळावर आभाळाकडे तोंड केलेल्या तबकड्या उभ्या राहिल्या. मला तिथल्या स्वयंपाकघरात काम मिळालं. अपोल्सकडे उरला तो फक्त तळ. कोरड्या नदीकाठी चार काटेरी झाडं आणि एक झरा, तिथं आमच्या गाड्या पिढ्यान्‌पिढ्या उतरत आल्या. ती जागा कुंपणाच्या आत गेली, पण जुनी वहिवाट म्हणून गाड्यांना येऊ देत.

तळाच्या तोंडाशी आमची दगडांची खूण असते. एका ओळीत तीन दगड म्हणजे पाणी आहे. चौथा दगड जरा बाजूला, म्हणजे इथली माणसं बरी आहेत, उतरायला हरकत नाही. मागून येणाऱ्यांची पोरंबाळं तहानेली असतात, त्यामुळे खुणेत खोटं बोलणं आमच्यात चोरीपेक्षा वाईट समजतात.

अपोल्सला दुर्बिणीवर काम लागलं ते डॉक्टर नोम्व्हुयोमुळे. ही औषधाची नव्हे, ताऱ्यांची डॉक्टर, तिकडे पूर्वेकडची, खोसा लोकांतली, तिशीतली बाई. माळावर कुठं यंत्राचा आवाज निघतोय ते ती हातातल्या अँटेनानं शोधायची. आपल्या कानांना न ऐकू येणारा आवाज, कधी विजेच्या कुंपणाचा, कधी एखाद्या जुन्या फ्रिजचा. जवळ गेल्यावर तिच्या स्वतःच्याच गाडीचा आवाज मधे यायचा, म्हणून ती पायी हिंडायची. एकदा टाचा फोडून घेऊन बसलेली अपोल्सला दिसली. त्यानं तिला गाडीत घेतलं, तर तिच्या मांडीवरचं यंत्र वाटभर गप्प. ती म्हणाली, "ताता, या माळावरची सगळ्यात गप्प गाडी तुमची आहे." ताता म्हणजे तिच्या भाषेत वडील. हे एक वाक्य अपोल्सनं आम्हाला वर्षभर ऐकवलं. नोकरी लागल्याचं मात्र त्यानं एकदाच सांगितलं.

आवाज शोधणं हे तिचं पोटापाण्याचं काम. तिचा जीव होता तो दुसरीकडेच. आभाळात आपल्याशिवाय आणखी कुणी आहे का, असेल तर त्यांच्या यंत्रांची कुजबुज इथवर येते का, हे ती ऐकत बसायची. एकदा माझ्याकडे जेवताना ती सांगत होती की, ताऱ्यांमधली अंतरं फार मोठी. कितीही भारी यान बांधलं, उजेडाच्या रेट्यानं चालणारं शीड लावलं, तरी माणसं घेऊन जायचं तर शेकडो वर्षं लागतील. निघतील ते पोचणार नाहीत, त्यांच्या पतवंडांची पतवंडं पोचतील. मधल्यांचा जन्म वाटेत आणि मरणही वाटेत, तेव्हा अशी माणसं वेडी होतील असं पुष्कळांना वाटतं.

अपोल्सनं हातातलं हाड खाली ठेवलं.

"कोण म्हणतं वेडी होतील? माझा आजा वाटेत जन्मला, बाप वाटेत, मी वाटेत. आम्ही मुळात कुठून निघालो ते आमच्यात कुणालाच ठाऊक नाही. मी वेडा दिसतो का?"

"थोडा," मी म्हटलं.

"तू गप, सीना. पोरी, तुझ्या त्या यानात घरवाले, म्हणजे एका जागी राहणारे, बसवू नकोस. घरवाला तिसऱ्या दिवशी मागं वळून बघायला लागतो. पसाभर जागेत म्हातारं कुठं निजवायचं, पोर कसं रमवायचं, हे गाडीवाल्यांना विचार. आमच्यात दोघं भांडले की पुढचं पाणी येईस्तोवर गाडीमागं चालतात, बरोबरीनं. पाणी येतं तोवर भांडण संपलेलं असतं."

नोम्व्हुयोनं वही काढून हे लिहून घेतलं. मी हसले, पण ती हसत नव्हती. मग तिनं विचारलं, आभाळातले ते दुसरे लोकच इकडे आले तर? अपोल्स म्हणाला की शहाणा माणूस नव्या जागी उतरण्याआधी खुणा बघतो, तेही बघतील.

जानेवारीत, म्हणजे आमच्या ऐन उन्हाळ्यात, भानगड झाली. जवळजवळ रोज सकाळी दहाच्या सुमारास तबकड्यांना एक आवाज ऐकू येऊ लागला, आणि तो तळाच्या बाजूनं यायचा. त्या वेळी तळावर पाच गाड्या होत्या. आमचा इथला व्यवस्थापक लेरू. याच्याच बापाच्या शेतावर अपोल्सनं तीस वर्षं मेंढ्या कातरल्या, आणि लेरू लहानपणी लोकरीच्या ढिगावर उड्या मारायचा. मी तळावरच असताना सोमवारी तो आला नि म्हणाला की तुमच्यात कुणाकडे तरी फोन आहे. शुक्रवारी दुपारपर्यंत तळ रिकामा करायचा, मग कुंपण कायमचं बंद.

अपोल्स उठून गाडीकडे गेला. त्यानं आपली गाडी रिकामी करायला घेतली. गोधड्या, तवा, लोकर कापायच्या कात्र्या, रायकीची म्हणजे माझ्या बहिणीची प्रार्थनेची वही, बटणांचा पत्र्याचा डबा, ती गळकी किटली. एका बाईचा सगळा संसार लेरूच्या बुटांसमोर मातीत मांडला गेला, आणि रायकी हात पोटाशी धरून उभी होती. त्याचं बघून बाकीच्या चौघांनीही गाड्या उपसल्या. फोन निघाला नाही. लेरू म्हणाला, लपवला असेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

निघताना लेरू म्हणाला, "आणि ते दगड विस्कटून टाक, अपोल्स. उगाच आणखी गाड्या यायच्या."

"पाणी आहे, मेनीर," अपोल्स म्हणाला. मेनीर म्हणजे साहेब, लेरूच्या घराण्याला आमची माणसं तसंच म्हणत आली. "असलेल्या पाण्याला मी नाही म्हणणार नाही." मग तो वाकला, चौथा दगड उचलला आणि कोटाच्या खिशात घातला. "हा मात्र आता खोटा झालाय."

लेरूला ती खूण ठाऊक होती. त्याचे कान लाल झालेले मी पाहिले. तो गाडीत बसून निघून गेला.

बुधवारी नोम्व्हुयो स्वयंपाकघरात आली तेव्हा अपोल्स तिथंच बसला होता. तिनं दार लोटून घेतलं आणि अपोल्सला म्हणाली की हा आवाज फोनचा नाही. तो जमिनीवरून निघतो, मग वर जातो, खूप वर, आणि तिथं तरंगत राहतो. फोन कधी वर जात नाही. आपल्या साहेबांना तिनं अजून सांगितलं नव्हतं, हसतील म्हणून. पण तिचे डोळे असे चमकत होते की ती मनात काय धरून बसलीय ते सांगायची गरज नव्हती. आणि खरं सांगते, तिच्यासाठी मलाही वाटलं की असू दे, एकदा तरी असू दे.

अपोल्सनं तीनच गोष्टी विचारल्या. ढगाळ दिवशी आवाज किती वाजता उठला? तर बाराला. जोराचा वारा होता त्या दिवशी? उठलाच नाही. वर जाताना सरळ जातो की घिरट्या घेतो? घिरट्या, ती म्हणाली. अपोल्सनं माझ्याकडे कॉफी मागितली. त्याला कळलं होतं. तिला सांगायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

गुरुवारी दिवस उगवताना तो तिला गाडीतून घेऊन गेला. रायकीला निखाऱ्यावरच्या रोट्या द्यायच्या म्हणून मीही बरोबर होते. तळाच्या पलीकडे नदीच्या पात्रात नुकतीच टोळांची पिल्लं निघाली होती, जमीन तपकिरी होऊन वळवळत होती. आणि त्यात दोनशे-अडीचशे टोळपाखरं, म्हणजे टोळ खाणारी पाखरं, उभी होती. पांढरे, लांब लाल पायांचे करकोचे हे, दर उन्हाळ्यात थेट उत्तरेकडच्या देशांतून येतात. गारठ्यानं माना खांद्यात घालून उभे होते.

"हे आत्ता उडत नाहीत," अपोल्स म्हणाला. "माळ तापतो, गरम वारा वर चढायला लागतो, मग त्याच्यावर बसून घिरट्या घेत वर जातात. दहाच्या सुमाराला."

नोम्व्हुयोनं अँटेना तिकडे धरली. यंत्र बोलू लागलं. तिनं ते लगेच बंद केलं नाही, थोडा वेळ तशीच ऐकत उभी राहिली.

एक करकोचा बाजूला उभा होता. पाठीवर काहीतरी तिरपं बांधलेलं होतं आणि त्याच्या पट्ट्यानं आवळून एक पंख जरासा लोंबत होता. अपोल्सनं गाढव सोडलं आणि त्याच्या आडून, कंबरेत वाकून चालू लागला. गाढवाला पाखरं भीत नाहीत. बासष्ट वर्षांचा माणूस, गुडघे कुरकुरणारे, पण शेवटची दोन पावलं त्यानं टाकलेली मला दिसलीसुद्धा नाहीत. नवखी मेंढी धरतात तसंच धरलं त्यानं ते पाखरू. चोच मुठीत, पंख बगलेत, पोट मांड्यांमधे, आणि धरल्याबरोबर ते शांत झालं. कात्रीच्या टोकानं त्यानं पट्टा कापला. पिसाला धक्का लागला नाही. ते पाहताना मला एवढा अभिमान वाटला की आजूबाजूला निदान शंभर माणसं असायला हवी होती असं वाटून गेलं.

काडेपेटीएवढी डबी होती. उन्हावर चालणारी, एक तुटकी तार लोंबणारी, वर कुठल्या तरी परक्या भाषेतली अक्षरं. पाखरू कुठं जातं ते कळायला तिकडच्या कुणीतरी बांधलेली, आणि मोडल्यामुळे भलत्याच सुरात ओरडणारी. तळावर परतल्यावर रायकीनं बटणं झग्याच्या घोळात ओतली, डबी पत्र्याच्या डब्यात घालून झाकण लावलं, आणि नोम्व्हुयोचं यंत्र गप्प झालं.

ती गाडीच्या दांडीवर बसून रडली. आठ दिवस मला वाटत होतं, एवढंच म्हणत राहिली.

"दहा हजार किलोमीटर वाट तुडवून आलंय ते, पोरी," अपोल्स म्हणाला. "परक्या मुलखातून. लांबचाच पाहुणा आहे."

"मला दुसऱ्या ताऱ्यावरचा हवा होता, ताता."

"तोही निघाला असेल. त्यांची पतवंडं पोचायची आहेत अजून."

ती रडता रडता हसली. दहा वाजता सगळी पाखरं उठली, आणि लोंबत्या पंखाचं ते पाखरूही सगळ्यांत शेवटी उठलं. त्या दिवशी तबकड्यांना काही ऐकू आलं नाही.

शुक्रवारी दुपारी लेरू आला. गाड्या जुंपलेल्या नव्हत्या. रायकी चुलीपाशी बसली होती, अपोल्स गाढवाचा खूर साफ करत होता, आणि त्यानं मान वर केली नाही. नोम्व्हुयोनं डबा लेरूच्या हातात दिला. सगळं त्याला आधीच कळलं होतं, तरी त्यानं झाकण उघडून बघितलं, मग बंद केलं. टोपी काढली.

"ऊम अपोल्स," तो म्हणाला, "माझं चुकलं."

ऊम म्हणजे काका. आमच्यात कुठल्याही वडीलधाऱ्याला म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण लेरूच्या घराण्यातल्या कुणी आमच्या माणसाला ऊम म्हटलेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. रायकी कॉफी ओतत होती, ती कपाबाहेर सांडली तरी ओततच राहिली.

लेरूनं हात पुढं केला. मला वाटलं, हस्तांदोलनासाठी. पण त्याचा तळवा वर होता.

"तो दगड द्या," तो म्हणाला.

अपोल्सनं गाढवाचा खूर सोडला आणि खिशात हात घातला. लेरू तळाच्या तोंडाशी गेला, गुडघ्यावर बसला आणि चौथा दगड तीन दगडांच्या बाजूला ठेवला. अंतर जरा चुकलं होतं. अपोल्सनं ते नंतर, तो गेल्यावर, सारखं केलं.

तळ आजही आमचा आहे. आणि माझ्या मेव्हण्याला तेवढ्यानं समाधान नाही. गेल्या हिवाळाभर तो टेकडीवरून पांढऱ्या गारगोट्या गाडीत भरून आणत होता, आणि तळामागच्या मोकळ्या माळावर त्यानं चार ढीग घातले. एकेक ढीग माझ्या स्वयंपाकघराएवढा, तीन ओळीत, एक बाजूला. मी विचारलं, गाड्या तर रस्त्यानं येतात, हे कुणासाठी? तो म्हणाला, वरून येणाऱ्यांना ती धाकटी खूण दिसायची नाही. मी म्हटलं, आणि त्यांना ही वाचता येणार? तो म्हणाला, एवढी वाट चालून आलेल्याला येते.

परवा नोम्व्हुयो एका तबकडीवर दुरुस्तीसाठी चढली होती. उतरून थेट माझ्याकडे आली. अपोल्स तिथंच कॉफी पीत होता. ती म्हणाली की वरून चारही ढीग स्वच्छ दिसतात.

"चौथा नीट बाजूला दिसतो ना?" त्यानं विचारलं.

"दिसतो, ताता."

"मग झालं," तो म्हणाला, आणि माझ्यापुढं कप सरकवला. "पाणी आहे, माणसं बरी आहेत. आता यायचं ते त्यांनी बघावं."