डावा पाइप गार होता

हा अनुभव लिहावा की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. इतरांचे अनुभव वाचतो तेव्हा त्यांत स्वप्नातलं दर्शन असतं, डॉक्टरांनी आशा सोडलेला माणूस उठून बसलेला असतो. माझ्याकडे तसं काही नाही. माझ्याकडे दोन सिलिंडरची एक जुनी मोटारसायकल आहे आणि उत्तनच्या रस्त्यावर भेटलेली एक कोळीण आहे. शिवाय ते सांगायचं तर त्याच्या आधीचंही सांगावं लागतं, आणि ते मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. पत्नीला विचारलं. ती म्हणाली, "लिहा की. सगळं लिहा. माझं नाव तेवढं घालू नका."

दादरची खोली सोडून आम्ही मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये राहायला आलो तेव्हा सगळीकडे नव्या इमारती उठत होत्या आणि त्यांच्या पलीकडे मिठागरं होती. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर पत्नीला दिवस गेले होते. आठव्या महिन्यात एका संध्याकाळी मी ऑफिसमधून आलो, तर ती पलंगाच्या कडेला बसून होती. पोटात कळा येताहेत म्हणाली. रिक्षा तेव्हा हाक मारली की मिळायची नाही. मी तिला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि निघालो. रेल्वेच्या फाटकाच्या अलीकडे गाडीतला जीवच गेला. थोडा वेळ धापा टाकल्यासारखी चालली आणि थांबली. मी किक मारत राहिलो. ती एका हाताने माझा खांदा धरून उभी होती. शेवटी एका टेम्पोवाल्याने आम्हाला दवाखान्यात पोचवलं. बाळ गेलं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उशिरामुळे झालेलं नाही, मनाला लावून घेऊ नका. मी मान हलवली, पण ते मला पटलं नाही. पत्नी त्या संध्याकाळबद्दल एक शब्दही बोलली नाही. ती रडली, आजारी पडली, मग हळूहळू उठून शाळेत शिकवायला जाऊ लागली, घर चालवू लागली. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. त्यानंतर ती माझ्या मागे गाडीवर बसली नाही. खरं सांगायचं तर मीच तिला कधी बस म्हटलं नाही. ती पुन्हा माझ्या मागे बसेल का, हा एकच प्रश्न माझ्या मनात असायचा आणि तोच विचारायची मला भीती वाटायची.

घरात देवीची तसबीर होती. मी रोज हात जोडायचो आणि तिच्याकडे काय मागायचो, ते आज कबूल करतो. बाळासाठी काही मागत नव्हतो, पत्नीसाठीही नाही. मी म्हणायचो, आई, दोष गाडीत सापडू दे. असा काहीतरी आतला, बारीक, कुणाच्याच लक्षात आला नसता असा दोष. म्हणजे माझी सुटका होईल. दर रविवारी मी इमारतीखाली गाडी उघडून बसायचो. प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर इतक्यांदा धुतला की डोळे मिटून जोडता यावा. स्टँडवर गाडी सुरेख चालायची. एकटा बसून बेव्हर्ली पार्कपर्यंत जाऊन यायचो, तरी कुठे अडखळायची नाही. गॅरेजवाल्याने चक्कर मारून सांगितलं, "साहेब, मक्खन है." आमच्या जिन्यातले गुजराती काका दूध आणायला जाताना थांबायचे आणि म्हणायचे, "भाई, गाड़ी चलाने के लिए होती है, खोलने के लिए नहीं!" मी हसायचो. गाडी खोलून बसलं की वर जावं लागत नाही, हे त्यांना काय सांगणार?

अशी दोनेक वर्षं गेली. एका शनिवारी जेवताना पत्नी म्हणाली, "उद्या उत्तनच्या टेकडीवरच्या देवीला जाऊ. ओटी भरायचीय."

"कसली ओटी?"

"बाळ सुखरूप झालं की येईन, असं बोलले होते तिला."

"अगं, पण ते..."

"झालं नाही. माहितेय मला. तरी जायचंय. तिच्यावर रागावून किती दिवस काढायचे? मला आता कंटाळा आलाय रागाचा." मग ताटात बघत म्हणाली, "आणि गाडीवरूनच जाऊ."

बसने जाऊ म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. का कुणास ठाऊक, मी नुसतं बरं म्हटलं.

सकाळी ती मागे बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत खण, नारळ, नाडापुडी, तांदूळ. फाटक ओलांडून भाईंदर पश्चिमेला आलो तोवर गाडी जड वाटत होती, पण मी मनाची समजूत घालत होतो. राई गाव मागे पडलं, डोंगरीकडे चढ लागला आणि मी ओळखलं. तोच आवाज. दोन पायांनी चालणारा माणूस एकाएकी लंगडायला लागावा तसा. गाडी कडेला घेतली आणि इंजिनपाशी उकिडवा बसलो. पत्नी उतरून उभी राहिली, त्या संध्याकाळी उभी होती तशीच. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. मनात देवीला म्हणालो, आता मी काही मागत नाही. मला शोधता येत नाही. तुला काय करायचं ते कर. याला मी प्रार्थना म्हणणार नाही, मी थकलो होतो एवढंच.

तिथेच पुढ्यात एक कोळीण थांबली होती. पुढच्या पाली गावची असावी. मासळीची पाटी तिने दगडावर टेकवली होती आणि आता ती पुन्हा डोक्यावर घ्यायला तिला कुणाचा तरी हात हवा होता. अशा वेळी वाटेवरचा कुणीही हात लावतो, त्यात विचारण्यासारखं काही नसतं. तिनेही विचारलं नाही. हुकूमच केला.

"काय रं भावा, बायकोला उन्हात उभी करून फटफटीची पूजा करतंस? ये, पाटीला हात लाव."

पत्नी फिसकन हसली. मी उठलो. गाडीच्या पुढूनच आम्ही दोघांनी पाटी उचलली आणि ती डोक्यावर जाताना तिरपी होऊन पाटीतलं बर्फाचं पाणी गाडीवर सांडलं. इंजिनमधून दोन पाइप निघतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजव्यावर पाणी पडलं आणि चर्रर्र झालं, वाफ निघाली. डाव्यावर पडलं आणि नुसतं ओघळून गेलं.

"अगं बाय," कोळीण म्हणाली, "यो गरम हाय, त्यो न्हाय. येकच चूल पेटलीय तुमची!" आणि हसत, कंबर हलवत, ती उताराला लागलीसुद्धा.

मी डाव्या पाइपला हात लावला. गारच म्हणावा इतका कोमट. म्हणजे डावं सिलिंडर मारतच नव्हतं, सगळा भार उजवं एकटं ओढत होतं. हा पाइप मी घरी शंभरदा तपासला असेल. तिथे दोन्ही सारखेच तापायचे. मी दोन्ही प्लग अदलाबदल करून लावले, किक मारली. गाडी छान चालू झाली आणि बघता बघता डावा पाइपही तापला. पत्नी उभी राहून दमली होती. गाडी स्टँडवर, चालू. ती सीटवर टेकली, आणि आवाज लंगडा झाला.

"उतर," मी म्हटलं.

ती उतरली. आवाज सुधारला.

"आता बस."

"अहो, ही काय उठाबशांची शिक्षा आहे का मला?"

पण बसली. आवाज पुन्हा गेला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी गाडी बंद केली, सीट काढली. डाव्या प्लगची वायर सीटच्या पत्र्याखाली दबत होती. मागे माणूस बसलं की पत्रा तिच्यावर टेकायचा, करंट तिथेच उतरायचा आणि प्लगला ठिणगी मिळायची नाही. वायरचं रबर तेवढ्या जागी कापलं गेलं होतं. त्या संध्याकाळी न जळलेल्या पेट्रोलने प्लग भिजला असणार, म्हणून ती उतरल्यावरही किक लागली नव्हती. मी एकटा असताना हा दोष सापडणं शक्यच नव्हतं. ती मागे बसल्याशिवाय तो नव्हताच.

आणि मग मला आठवलं. ती सीट मीच बसवली होती. पत्नीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा तिला धक्के बसू नयेत म्हणून मी जाड नवी गादी करून घेतली होती आणि हौसेने स्वतःच्या हाताने घरी फिट केली होती. मागत होतो तसा दोष गाडीत सापडला होता, पण तो माझ्या हातचा होता. मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसलो आणि तिला म्हटलं, "मीच केलं गं हे. त्या दिवशीचं."

तिने पिशवी दगडावर ठेवली. मग माझ्याजवळ येऊन बसली.

"त्या दिवशी सकाळपासून ते हलत नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही ऑफिसला निघाला होतात. झोपलं असेल म्हटलं, उगीच कशाला घाबरवायचं? दुपारी मला कळलं होतं. गाडीवर बसायच्या आधीच कळलं होतं."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत? मला वाटायचं, मी सकाळी सांगितलं नाही म्हणून तुम्ही माझ्यावर चिडून आहात. म्हणून खाली जाऊन बसता."

समोर मिठागरांवर ऊन पसरलं होतं. आम्ही दोघंही रडलो, आणि रडता रडता ती मध्येच म्हणाली, "चूल काय, फटफटीची पूजा काय!" आणि हसायलाच लागली. मीही हसलो. घरात असं हसून किती काळ झाला होता ते आठवेना.

वायरवर मी ट्यूबचा तुकडा गुंडाळला. ती पत्र्यापासून दूर बांधायला दोरी नव्हती. पत्नीने नाडापुडीतला लाल-पिवळा नाडा काढून दिला. मी बिचकलो. ती म्हणाली, "बांधा. बाईमाणूस आहे ती, समजून घेईल." चढ गाडीने एका दमात घेतला. देवळात तिने ओटी भरली. मी हात जोडले आणि मागायला काहीच आठवलं नाही.

त्यानंतर आम्हाला मूल झालं नाही. तरी आमचं बरं चाललंय, अगदी मनापासून सांगतो, बरं चाललंय. ती कोळीण पुन्हा भेटली नाही. आम्ही दर वर्षी त्या रस्त्याने जातो आणि दोघंही डोक्यावर पाटी असलेल्या प्रत्येक बाईकडे बघतो. ती देवीच होती, असं मी म्हणत नाही. तिला पाटी उचलायला हात हवा होता, एवढंच मला माहीत आहे. मात्र मी स्वतःच्या हाताने शोधायचं थांबवलं आणि तो हात दुसऱ्याच्या ओझ्याला लावला, तेव्हा मला जे दिसायचं होतं ते दिसलं. मी सुटका मागत होतो. देवीने आधी माझी चूक माझ्या हातात ठेवली, आणि मी ती धरून बसणार तोच पत्नीच्या तोंडून काढूनही घेतली.

नाडा अजून सीटखाली आहे, रंग उडालाय. निघताना मी गाडी चालू करतो आणि विचारतो, "बसलीस?" ती म्हणते, "बसले." मग क्षणभर थांबून मी दोन्ही बाजूंचा आवाज ऐकतो आणि गिअर टाकतो.