पेटीवाली आणि चौथी गंजी

रेवा, निशांत,

कारंज्याच्या जिनिंगमधल्या आगीची गोष्ट मी तुम्हाला फोनवर सांगितली होती. ती अर्धीच होती. परवा निशांत म्हणाला की कामावर त्याला एडीसीचे चॅनल लिहायला दिले आहेत, तेव्हा उरलेली अर्धी सांगणे भाग आहे असे मला वाटले. लिहूनच सांगते. फोनवर मी पुन्हा मध्येच थांबेन.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला जिनिंगमध्ये सगळे पेटीवाली म्हणत. कागदावर लिहिलेल्या कुठल्याही नावावर तिचा विश्वास नसे. नवीन तार जोडली की तिचे टोक मुठीत धरून बसायची आणि त्या उबेने पडद्यावर कुठला आकडा चढतो ते पाहायची. "आधी हात, मंग नाव," म्हणायची. माझ्या इंग्रजीच्या वर्गात होती तेव्हाही मी सांगितलेला अर्थ शब्दकोशात पाहून यायची आणि मगच मान डोलवायची. मला त्याचा राग यायचा.

तिची माय जिनिंगमध्ये कापूस उपसायला होती. ओलसर कापसाची गंजी आतून धुमसत राहते. बाहेर धूर दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. एके साली अशीच गंजी पेटली आणि मायचा पदर जळाला. पॉलिटेक्निक संपवून आलेल्या लेकीने मग ही पेटी तयार केली. सहा गंज्यांत सहा लांब नळ्या, प्रत्येकीत उष्णता मोजणारी तार, आणि सगळ्या तारा लिनक्सवर चालणाऱ्या एका छोट्या संगणकात. तारेतली वीज आकड्यात बदलते ती चिप म्हणजे एडीसी. तिला आठ चॅनल होते, शून्य ते सात. कुठल्या चॅनलवर कुठली गंजी आहे हे लिनक्सला आपोआप कळत नाही, ते एका फाइलीत लिहून द्यावे लागते. "त्याले डोये नाहीत, मॅडम. आपण लिहून देऊ तेच ते खरं मानते," ती सांगायची.

कामावरच्या बाया तिला छळत. "काहून वं पेटीवाले, आज आमच्या गंजीले ताप नाही काय? गोळी देऊ काय?"

"तुमच्या तोंडात एक नळी ठेवतो, मंग पाहा आकडा कसा चढते!" ती मान वर न करता म्हणायची.

हंगामाच्या सुरुवातीला ती फाइल घेऊन माझ्याकडे आली. वर्णनातले इंग्रजी तपासून हवे होते. मी स्पेलिंग सुधारले. मग मला दिसले की पहिली गंजी चॅनल शून्यवर लिहिली आहे आणि दुसरी एकवर. घाईत झालेली चूक असावी असे मी धरून चालले. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मी नोंदी नीटनेटक्या केल्या: पहिल्या गंजीला चॅनल एक, दुसरीला दोन, थेट सहावीला सहा.

"सारं पाह्यलं ना मॅडम?" तिने विचारले.

मी हो म्हटले. त्या दिवशी तिने एकही तार मुठीत धरली नाही. फाइल तशीच चढवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला पेटी पाहायला बोलावले. मी खुर्चीवर बसते न बसते तोच भोंगा वाजला. पडद्यावर गंजी तीन लाल झाली होती. माणसे दाताळी घेऊन धावली आणि तिसरी गंजी फोडू लागली. आतून पांढरा, थंड कापूस निघाला.

"थंडा हाये!" मुकादम ओरडला. "पेटीवाले, तुही पेटी खोटं बोलून राह्यली!"

ती पडद्यावरून नजर काढत नव्हती. बाहेर ऊन तापले होते आणि गंजी सहा शून्याखाली चाळीस दाखवत होती. "सहाच्या चॅनलवर तारच नाही," ती हळू म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मॅडम, शून्य कुठं गेलं?"

"मी एकपासून केलं..."

पुढचे ऐकायला ती थांबली नाही. तारा शून्य ते पाच या चॅनलांवर होत्या, आणि मी लिहिलेली सगळी नावे एका घराने सरकली होती. तिसरीचा म्हणून दिसणारा ताप चौथीचा होता. आणि चौथीच्या सावलीत बाया जेवायला बसल्या होत्या, तिची मायही.

"उठा! माय, भाकर टाक, पय!"

"अवं, घास तं..."

"पय म्हटलं ना!" तिने मायला दंडाला धरून ओढले. बाकीच्या मागोमाग धावल्या. आम्ही सगळ्या पाण्याच्या टाकीशी पोचलो तोच सावलीची बाजू खचली आणि आतून जाळ बाहेर आला. फडक्यातल्या भाकरी तिथेच जळाल्या.

इथवरचे तुम्ही बरेचसे ऐकले आहे. माझे नाव तेवढे त्यात नव्हते.

आग विझल्यावर मालकाने विचारले, "हे कोणं लिहिलं?"

"मीनं," ती म्हणाली. "फाइल माही हाये. तपासाचंही मलेच होतं."

मी दोन हातांवर उभी होते. मी बोलले नाही. मालकाने तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितले, तेव्हाही नाही.

चार दिवसांनी मी जाऊन मालकाला खरे सांगितले. तोवर ती पुण्याला निघून गेली होती. फोनवर मी तिची माफी मागितली. मग ती म्हणाली, "शून्याचा राग नाही मॅडम मले. तुमी उग्या राह्यल्या, त्याचा हाये." त्यानंतर तिचा फोन आलेला नाही.

जाण्याआधी तिने फाइल दुरुस्त करून ठेवली होती, पुन्हा शून्यापासून. जिनिंगमध्ये अजून तीच पेटी चालते, आणि तिची माय अजून त्याच सहा गंज्यांवर कामाला जाते.