हिराओका कोच आणि मारायची खूण

आमच्या शाळेच्या बेसबॉल टीमचे कोच हिराओका यांचं गावात केशकर्तनालय आहे. टीममधल्या प्रत्येकाचं डोकं तेच भादरतात, फुकट. पण खुर्चीत बसलं की सुटका नाही. मानेवर मशीन ठेवून खालच्या आवाजात, "काय रे, काल ओहाशीच्या दुकानात कोणाशी बोलत होतास?" मान हलवायची सोय नसते. खरं बोलून मोकळं व्हायचं.

या माणसाचा विश्वास फक्त एका गोष्टीवर, बंटवर. पहिल्या बेसवर आपला गडी पोचला, की पुढच्याने बॅट फिरवायची नाही. नुसती आडवी धरायची, चेंडू पायापाशी टाकायचा, स्वतः आऊट व्हायचं आणि गड्याला दुसऱ्या बेसवर पाठवायचं. आऊट होऊन परतणाऱ्याला आमच्याकडे चौकार-षटकार मारल्यासारखा मान. अख्खा बाक उभा राहून ओरडतो.

हे काम कायम कुरामोचीच्या गळ्यात. आमच्यात सगळ्यात जोरात मारतो तो, आणि दोन वर्षं नुसता बॅट आडवी धरून उभा.

"एका डावात आऊट तीनच असतात ना?" तो मला म्हणायचा. "त्यातला एक आपण उचलून त्यांच्या हातात देतो. त्यांनी मागितला नसताना! काहीतरी वेगळंच आहे कोचच्या मनात."

त्याने एकदा धीर करून कोचना विचारलं. कोचनी डोळे बारीक केले. "जोरात मारणारा कोणासाठी मारतो, कळत नाही. आऊट होणारा कोणासाठी होतो, ते दिसतं." आणि थांबून, "तुला हे विचारायला कोणी सांगितलं?"

वर परीक्षा घ्यायची खोड. मागच्या हिवाळ्यात निशिउराला म्हणाले, "दमलास, आज लवकर जा." तो बिचारा गेला. दुसऱ्या दिवशी त्याला देवळाच्या पायऱ्या चढ-उतर करायला लावल्या. "मी सांगितलं म्हणून गेलास? मनात होतंच!"

तर यंदाची उन्हाळी स्पर्धा. एक सामना हरलो की खेळ संपला, आणि शेवटच्या वर्षाच्या आम्हा पोरांचा कायमचाच. शेवटचा डाव, आम्ही एका धावेने मागे. पहिल्या बेसवर आमचा गडी, एकही आऊट नाही, आणि बॅट घेऊन कुरामोची.

समोरच्यांचे पहिल्या आणि तिसऱ्या बेसवरचे दोघे बंटचा चेंडू उचलायला सरळ पुढे सरकले, पार त्याच्या तोंडासमोर.

कोच ताडकन उठले. "यांना कसं कळलं?" टोपीने तोंड झाकून आमच्याकडे वळले. "आपली खूण कोणी फोडली?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. अख्ख्या तोकुशिमा जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, हिराओका बंट करणार. फोडायचंय काय त्यात?

"बरं," कोच पुटपुटले, "मग आपणही दाखवू." आणि त्यांनी टोपीच्या कडेला बोट लावलं.

म्हणजे, मार!

ही खूण आम्हाला नुसती शिकवली होती. खऱ्या सामन्यात कोणी पाहिलीच नव्हती. कुरामोची बघतच राहिला. कोचनी पुन्हा बोट लावलं. चेहरा असा, की चोर पकडायला दाराआड उभे आहेत.

चेंडू आला. कुरामोचीने बॅट आडवी धरली.

समोर टपून बसलेल्यानेच तो उचलला. दुसऱ्या बेसवर फेकला, तिथून पहिल्यावर. एका चेंडूत दोघे आऊट. पुढचा पोरगा उंच मारून झेल देऊन आला. संपलं.

मैदानाबाहेर कोचनी त्याला बाजूला घेतलं. आम्ही बुटांच्या नाड्या सोडायचं नाटक करत ऐकत होतो.

"खूण दिसली नाही?"

"दिसली, कोच."

"मग?"

कुरामोचीचं नाक गळत होतं, डोळे लाल. "वाटलं, तुम्ही बघताय, मी मारतो का ते. मारलं असतं तर म्हणाला असतात, मनात होतंच."

कोचनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

"म्हणालो असतो," ते शेवटी म्हणाले. मग, "मारला असतास तर कुठे?"

"पहिल्या बेसवाल्याच्या डोक्यावरून. तो पार पुढे आला होता. मागे कोणीच नव्हतं."

कोचनी मैदानाकडे बघितलं. डोळे बारीक केले.

"नक्की?"

"नक्की!" कुरामोची त्यांच्यावर ओरडला. पहिल्यांदाच.

कोचनी मान खाली घातली.