पडद्याआडून ऐकलेला बैल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, कारण ही गोष्ट सांगताना मला अजून राग येतो. कुणाचा म्हणून काय विचारता, माझाच! बरं जमलेलं चित्र माणसानं स्वतःच्या हातानं कसं नासवावं, याचा असा नमुना तुम्हाला बीडात काय, अख्ख्या निजामाच्या मुलखात सापडायचा नाही.

तेव्हा मी बीडला एका उस्तादांकडे पाट्या रंगवायला शिकत होतो. दुकानांच्या पाट्या, टांग्यामागची फुलं, दारावरची चित्रं, सगळं ते करायचे. एकाच पाटीवर उर्दू आणि मराठी अक्षरं अशी बसवायचे की दोघी जावा गुण्यागोविंदानं नांदताहेत असं वाटावं. आम्ही शिकणारे तिघं. रहमत, कासाराचा दत्तू आणि मी. त्यात वयानं मीच मोठा, कारण मी उशिरा आलो होतो.

उशिरा का, तर आम्ही पडलो शिरूरकडचे गुरं राखणारे. घरात कुंचला धरणारा मी पहिलाच. आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, ही सगळी थेरं वाटायची. निघताना त्यांनी बजावलं होतं, "पोळ्यापस्तोर वाट बघतो. तुपल्या हातचं एक तरी चित्र कुणाच्या दारावर लागलेलं दाव. न्हाई लागलं, तर मुकाट्यानं घरी ये अन् गुरं राख."

आणि मला गुरं राखायची नव्हती हो! उन्हातान्हात म्हशींच्या शेपट्या धरून हिंडायचा मला मनापासून कंटाळा होता. रंगाच्या वासानं मला भूक लागायची. आता याला काय करणार?

पोळा जवळ आला आणि देवानंच धाडल्यासारखं काम आलं. नेकनूरच्या एका पाटलांचा बैल म्हातारा झाला होता. पाटलांनी त्याला जुवातून मोकळा केला होता, पण जीव भारी त्याच्यावर. त्याचं चित्र त्यांना आपल्या दारावर लावायचं होतं, तेही पोळ्याच्या आत. उस्ताद म्हणाले, तिघांनी फळीवर एकेक चित्र काढा, पाटील निवडतील ते लागेल. आम्ही नेकनूरला जाऊन बैल बघून आलो. तो गोठ्याच्या पार आतल्या अंधारात बसला होता आणि उठायला राजी नव्हता. तरी मला जसा दिसला तसा मी काढला.

आता उस्तादांकडची एक रीत सांगतो, कारण घोळ तिथंच झाला. चित्र पुरं झालं की ऐब काढायची बैठक बसायची. ऐब म्हणजे दोष. चित्र ओसरीत मांडायचं आणि ज्याचं चित्र त्यानं आतल्या खोलीत पडद्यामागे रंग घोटत बसायचं. बाहेर सोबती एकेक दोष सांगणार, यानं फक्त ऐकायचं. मधे बोलायचं नाही, हुंकार द्यायचा नाही. नंतर 'तू असं का म्हणालास' म्हणून विचारायचंही नाही. उस्तादांचं म्हणणं असं की माणूस समोर असला की भांडतो, आड असला की शिकतो. ऐकावं जनाचं, करावं मनाचं, हेही ते वर सांगायचे. ते मात्र मी कधी कानात शिरू दिलं नाही.

त्या दिवशी माझी पाळी शेवटची. मी पडद्यामागे जाऊन बसलो आणि दगडी पाट्यावर हिरवा रंग घोटू लागलो. बाहेर पहिल्यांदा बराच वेळ सामसूम. मला वाटलं, चित्र बघून गार पडले लेकाचे! रस्त्यावर घुंगरं वाजली. तुम्ही म्हणाल, घुंगरं ऐकून तुला काही कळलं नाही का? अहो, त्या रस्त्यानं दिवसभर गाड्याच जायच्या, कोणकोणत्या घुंगरांचा अर्थ लावत बसू?

मग दत्तूचा आवाज आला. "पाठ बघ की कशी बसलीय. मधी धोंडा ठिवल्यावानी."

रहमत म्हणाला, "अन् डावं शिंग? ते तर झोपलंच की बे."

मग शेपूट तोकडं, वशिंड एका अंगाला कललेलं, पाय फेंगडे. माझे हात पाट्यावर थांबले. अरे, पाठ बसलेली होती म्हणून तर मी बसलेली काढली! शिंग पडलेलं होतं म्हणून पडलेलं काढलं! पण दोघं जण इतक्या खात्रीनं बोलायला लागले की आपल्याच डोळ्यांचा भरवसा वाटेना. गोठ्यात अंधार होता. माझंच बघण्यात चुकलं असेल.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गिळलं असतं. पण खुद्द उस्ताद सुस्कारा सोडून म्हणाले, "अब क्या करते, उमर हो गई."

उमर? माझी? मला उशीर झाला होता हे खरं, पण म्हणून असं चारचौघांत बोलायचं?

आणि त्यावर दत्तू काय म्हणाला असेल? "खरंय उस्ताद. ह्यानं आता गावाकडं बसून सुखानं खावं. कशाला राबायचं?"

मंडळी, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलं तर हाताचा हिरवा रंग डोळ्यात गेला, म्हणून आणखी पाणी आलं. आबा बोलले ते एकवेळ सोसलं, पण दत्तू? सकाळी माझ्याच भाकरीवर माझीच चटणी खाल्लेला दत्तू?

बाहेर शांत झाल्यावरच मी पडद्यातून निघालो. ओसरीत कुणी नव्हतं, सगळे नदीकडे गेले होते. मी चित्र उचललं आणि खोलीवर नेऊन दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी रहमत आला आणि "सोपान, अरे काल पाटील..." असं काही सांगू लागला. मी त्याला तिथंच तोडलं. बैठकीतलं बाहेर बोलायचं नाही, रीत म्हणजे रीत! त्यानं दोनदा तोंड उघडलं, मी दोन्हीदा दार लावलं. दत्तूशी तर मी बोलणंच टाकलं. चटणीही बंद केली.

मग ईर्षेला पेटून मी तो बैल नव्यानं घडवायला घेतला. गुराख्याच्या पोटचा मी, चांगला बैल कसा असतो हे मला कुणी शिकवायला नको होतं. पाठ सरळ केली. दोन्ही शिंगं सारखी, टोकदार, आभाळाकडे. वशिंड ताठ, छाती रुंद, पाय खांबासारखे, शेपटीचा गोंडा थेट खुरांपर्यंत. काढा म्हटलं आता ऐब!

पोळ्याच्या आदल्या दिवशी पाटील निवडायला आले. आबाही येऊन दाराशी उभे राहिले होते, मला घेऊन जायचं की ठेवायचं ते ठरवायला. तिन्ही फळ्या भिंतीला टेकून ठेवल्या. दत्तूचा बैल म्हशीकडे झुकला होता, पाटील तिथं थांबलेच नाहीत. रहमतच्या चित्रापुढे मात्र त्यांचे डोळे भरून आले. बैठकीनंतर त्यानंही त्यावर हात फिरवला होता. आता त्यात पाठ बसलेली, डावं शिंग पडलेलं, शेपूट तोकडं. "ह्योच," ते म्हणाले, "ह्योच माझा राजा."

मग ते माझ्या फळीपुढे आले आणि खिळलेच. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, खाली बसून बघितलं.

"ह्यो कुणाचा बैल हाय?"

"तुमचाच की पाटील," मी म्हणालो.

"मपला?" ते म्हणाले. "चेष्टा कावून करतो? खरं सांग. मला नवा बैल बघायचाच हाय. मालक कोण, गाव कोणतं, तेवढं सांग फकस्त."

मी परोपरीनं सांगितलं की असा बैल कुठंच नाही. त्यांना वाटलं, मी दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी लपवतोय. ते मला बाजूला घेऊन कानात विचारू लागले. शेवटी मी वैतागून ओरडलो की त्या दिवशी या दोघांनीच पाठ, शिंग, शेपूट, सगळ्याला नावं ठेवली म्हणून मी दुरुस्त केलं!

रहमतनं कपाळाला हात लावला. "ते तुझ्या चित्राला न्हवतं बे! पाटलांनी बैल गाडीत घालून आणलता, आमी नीट बघावा म्हणून. दारात उभा हुता. आमी त्याच्याकडं बघून बोलत हुतो."

"अन् माझं चित्र?"

"ते तंतोतंत हुतं. कुणाला काय बोलायला सुचलंच न्हाई. तेच सांगाया आलतो, तर तू दार लावलं."

ज्या चित्रात कुणाला दोष सापडला नाही, ते मीच पुसून टाकलं होतं. रहमतची फळी पाटलांच्या गाडीत चढली आणि मी नुसता बघत राहिलो.

तेवढ्यात आबा दारातून पुढे आले. माझ्या बैलावर त्यांनी खुरापासून शिंगापर्यंत नजर फिरवली, बाजारात फिरवतात तशी. दात मोजायचे तेवढे राहिले! मग उस्तादांपुढे हात जोडून म्हणाले, "मपलं चुकलं, उस्ताद. मला वाटायचं, पोरगं हितं काय बी शिकत न्हाई."

माझ्या जिवात जीव आला. मी ताठ उभा राहिलो.

"ह्याला घरी हुता तवर बैलातलं काय बी कळत न्हवतं," आबा म्हणाले. "आता बघा, एक खोट न्हाई जनावरात. पुरता तयार केला तुमी." आणि माझ्याकडे वळले. "चल, गाठोडं बांध. असला बैल आता तुलाच बाजारातून निवडून आणायचाय."

गाडीत चढता चढता पाटील मागे वळले. "अन् माझ्यासाठीबी एक बघ रे," ते म्हणाले.